अंगठाबाईंची तोंडउघडणी

जिन्यावर चपलांचा ढीग पडला होता आणि आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. सासूच्या मांडीवर रात्री घरीच जन्मलेलं गुबगुबीत बाळ. सकाळपासून थरथरत होतं, आता तर डोळाही उघडेना. सगळे अंगठाबाईंची वाट बघत होते.

बाईंचा नियम असा की, नव्या बाळाचं तोंड पहिल्यांदा त्यांनीच मंतरलेल्या अंगठ्याने उघडायचं. तोवर दुधाचा थेंबही द्यायचा नाही. आणि त्या येणार आपल्या सवडीने.

अखेर बाई अवतरल्या. "याचा जीव वर आढ्याला टांगलाय. मी खाली बोलावते. कुणी शिंकू नका, बिचकेल."

कुणी शिंकलं नाही. बाईंचा अंगठा बाळाच्या गालात आतून फिरला. थोड्या वेळाने थरथर थांबली आणि बाळ चक्क रडलं. सासूने बाईंचे पाय धरले.

खाटेवरची बाळंतीण मात्र आतून गोठली. तिची पहिली मुलगीही याच अंगठ्याने अशीच रडली होती. संध्याकाळी तिने मान टाकली. "आईचीच नजर लागली," बाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून ती कुणाच्याच लेकराकडे मान वर करून बघत नसे. पान्ह्याने भिजलेला पदर ती कित्येक दिवस मोरीत एकटीच पिळत राहिली होती.

आज तिने बाळ ओढून घेतलं आणि भीतभीत त्याचा मुका घेतला. मग स्वतःचे ओठ चाटले.

"बाई, हे गोड कसं लागतंय?"

"मंत्राची गोडी गं ती."

"मग हात धुऊन पुन्हा लावा."

"धुतला की मंत्र उतरतो," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात आपसूक कमरेच्या बटव्याकडे गेला. बाळंतिणीच्या नवऱ्याने पुढे होऊन तो बटवा उघडला. आत साखरेच्या घट्ट पाकाची डबी होती.

बाळंतिणीने सगळ्यांदेखत बाळाला छातीशी लावलं आणि तशीच नवऱ्याबरोबर दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखर पुन्हा उतरत होती. उपचार सुरू करून त्या तिच्याजवळ बसल्या. "तुझ्या रक्तात साखर जास्त आहे, म्हणून तर बाळंतपणाला दवाखान्यातच ये म्हटलं होतं. ती साखर पोटात बाळालाही मिळायची. ती जिरवायला त्याचं शरीर जास्त इन्सुलिन बनवू लागलं. नाळ कापली, तुझी साखर बंद झाली, इन्सुलिन मात्र सुरूच राहिलं. वर हा उपास. मेंदूला साखर पुरेना, म्हणून थरथर. पाक चाटवला की घटकाभर तरारतं, पण पुन्हा पडतं."

"नजर नाही?"

"नाही गं. नजरेने साखर उतरत नाही."

"मग माझी मुलगी?"

"तिची तपासणी झाली नाही, म्हणून खात्रीने नाही सांगता येणार. पण बहुतेक हेच."

ती ओक्साबोक्शी रडली. बाहेर बाकावर बसलेल्या सासूला तिने एवढंच सांगितलं, "आई, ती भुकेली होती. माझ्याजवळ दूध होतं."

सासू तोंडात पदर कोंबून बसून राहिली.

तान्ह्या जिवाला उपास घडवू नका. जन्मल्यावर लवकर दूध पाजा, आईला मधुमेह असेल तर बाळाची साखर तपासून घ्या, आणि बाळ थरथरलं किंवा मलूल पडलं तर तडक दवाखाना गाठा. चमत्कार बघायला जमलेल्या त्या घरभर माणसांत एकानेही विचारलं नव्हतं की, बाळ काही प्यायलंय का?