सहा वाजता सहा वाजत नाहीत

आमच्या गावात शांतता दहा वर्षांतून एकदा मोजतात. क्वेलनरोडेच्या वेशीवर एक पिवळी पाटी आहे. इथली हवा आणि शांतता प्रकृतीला चांगली, असं तिच्यावर सरकारी अक्षरांत लिहिलंय. ती टिकवायची तर राजधानीतून एक माणूस येतो, कुरणात यंत्र मांडतो आणि संध्याकाळी सहा ते साडेसहा त्याच्यापाशी बसून राहतो. त्या अर्ध्या तासात काटा पंचेचाळीस डेसिबलच्या वर गेला की पाटी गेली.

आणि पाटी गेली की माझी रोसविता आत्या गेली. जिवंतच, पण हानोवरला. तिच्या घरातल्या सहा खोल्यांत डॉक्टरांनी पाठवलेली माणसं राहतात, आणि डॉक्टर पाटी बघून पाठवतात. पाटी नसेल तर घर विकून बहिणीकडे राहायला जायचं. "हानोवरला साधा चढ नाही," आत्या म्हणायची. "माणसाने खाली बघायचं तरी कुठून?"

अडचण एकच होती. गावापासून दीड किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला, मोठं करमणुकीचं उद्यान आहे आणि त्यात लाकडी रोलरकोस्टर. दर चार मिनिटांनी अठ्ठावीस माणसं चाळीस मीटरवरून खाली येतात आणि त्याबद्दल आपलं मत मांडतात. वारा आमच्या बाजूचा असला की ते मत थेट आत्याच्या स्वयंपाकघरात पोचतं. त्या गाडीचं हिरवं बटण दाबायची नोकरी माझी. त्यामुळे मी घरी आलो की झाडाझडती.

"टिल, चार वाजून दहाला एक बाई फारच ओरडली. पट्टा नीट लावला होतास ना?"

"लावला होता आत्या. ती रांगेत असल्यापासूनच ओरडत होती."

मोजणीचा शनिवार ठरला तसं गाव कामाला लागलं. शेजारच्या कुनिबेर्टचा कोंबडा दोन दिवसांसाठी मेहुण्याकडे गेला. चर्चच्या पाद्रीबुवांनी सहाचे टोले सहा पस्तीसला द्यायचं कबूल केलं; देवाला काय, कळेल, म्हणाले. उरलं उद्यान. तिथल्या व्यवस्थापकीणबाई म्हणाल्या, शनिवारी गाडी बंद ठेवता येणार नाही, पण विनंती करता येईल. त्यांनी माझ्याकडून पाटी रंगवून घेतली : 'आज सहा ते साडेसहा ओरडण्यास मनाई आहे.'

"बाई, खाली पडताना कोण पाटी आठवणार?" मी म्हणालो.

"टिल," त्या शांतपणे म्हणाल्या, "पाटी आहे."

मोजणीचे साहेब, विब्रेख्ट नावाचे, दुपारच्या कॉफीला आले; मी कामावर होतो, हे आत्याने नंतर सांगितलं. बारीक अंगाचे, आणि कप बशीत असा ठेवणारे की तो ठेवला हे बघूनच कळावं. आत्याने प्लमचा केक पुढे केला.

"अजून एक तुकडा घ्या ना साहेब."

"मोजणीआधी नको. पोट बोलतं."

माझी पाळी पाचला संपली. बटणावर पुढच्या पाळीच्या आंकेला बसवून मी जंगलातल्या वाटेने धावत घरामागच्या कुरणात पोचलो. साहेबांनी तिपाईवर यंत्र चढवलं होतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो तर त्यांनी काट्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"तुमचं जाकीट अडतीस आहे. काढा."

काढलं. सप्टेंबरातल्या संध्याकाळी शर्टावर कुडकुडत उभा राहिलो, तेही दात वाजू न देता.

सहा वाजता सहा वाजले नाहीत.

खरं सांगतो, तेवीस वर्षं या गावात काढली, पण ही शांतता मी कधी ऐकली नव्हती. काटा तीसवर. फरच्या झाडांच्या शेंड्यांवर गाडी चढताना आत्याच्या दुर्बिणीतून दिसली. वर टोकाला पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि कोसळली. अठ्ठावीस माणसं, अठ्ठावीस तोंडांवर हात. एकाने टोपी दातांत धरली होती. एकाच्याही तोंडून हूं की चूं नाही. फक्त लाकडाची खडखड, लांबून, छत्तीस. मी तीन वर्षं बटण दाबतोय. पडणारी माणसं मला पहिल्यांदाच दिसली. एरवी ती फक्त ऐकू येतात.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "काय माणसं आहेत रे," ती ओठांनीच म्हणाली.

सहा वाजून अकरा मिनिटांनी जंगलातून आवाज आला.

भल्यामोठ्या रिकाम्या पिंपातून कुणी अख्खं ओकचं झाड ओढत न्यावं, आणि त्या झाडाला ते मान्य नसावं, तसा. काटा बहात्तर. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"मी नाही," मी म्हणालो.

पलीकडच्या उतारावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. मग वरच्या खिंडीतून तिसऱ्याने. पायाखालचं गवतसुद्धा ऐकत असावं असं वाटलं.

"हरणं," आत्या म्हणाली. "माजावर आलेले नर. माझ्या लग्नाच्या वर्षी घरातून ऐकू यायचे. मला वाटलं, गेले सगळे."

ते कुठेही गेले नव्हते. दर सप्टेंबरात तिथेच ओरडत होते. आम्हीच त्यांना अर्धा तास दिला नव्हता.

साहेबांनी अर्ज काढला. "आवाजाचा प्रकार," ते कुजबुजले, "वाहतूक, कारखाना किंवा करमणूक. पुढे चालकाचं नाव आणि पत्ता."

"पत्ता हाच साहेब," मी जंगलाकडे बोट दाखवलं. "नाव विचारायला कुणी गेलेलं नाही."

"टिल, गप्प बस." आत्याने माझं मनगट सोडलं. काटा तिलाही दिसत होता. "साहेब, जे झालं तेच लिहा. माझ्यासाठी खोटं लिहू नका. हानोवरला काय माणसं राहत नाहीत?"

साहेबांनी पेन्सिल टेकवली. तेवढ्यात झाडीतून तो बाहेर आला. मानेवर आयाळ, शिंगांत उपटलेलं नेचं अडकलेलं, नाकातून वाफ. आमच्यापासून साठ पावलांवर उभा राहून त्याने मान वर केली आणि तो आवाज सोडला. माझ्या छातीतलं हाड न् हाड वाजलं. मी दुर्बीण वर केली तर गाडी नुकतीच कोसळायला लागली होती. आणि पडता पडता अठ्ठावीस माना एकदम जंगलाकडे वळल्या. खाली बघायचं विसरून ती माणसं खाली आली.

सहा पस्तीसला टोले पडले. मोजले कुणीच नाहीत. तो नर सावकाश झाडीत परतला होता. साहेब ओल्या गवतात मांडी ठोकून बसले होते, यंत्र बंद होतं आणि अर्ज दवाने भिजला होता.

"कधी बंद केलंत?" आत्याने विचारलं.

"आठवत नाही," साहेब म्हणाले. मग ओला अर्ज घडी करून खिशात घालत, "आता केक चालेल."

नोव्हेंबरात पत्र आलं. 'मोजणी अपूर्ण. कारण : मोजणाऱ्याने मोजणं थांबवलं. मोजणी पूर्ण होईपर्यंत नियमाप्रमाणे पाटी जागेवर राहील. फेरमोजणी पुढच्या सप्टेंबरात.' आत्याने ते तीनदा वाचलं आणि हानोवरला बहिणीला फोन करून सांगितलं की यंदाही जमत नाही.

फेरमोजणीचं हे चौथं वर्ष. साहेब तीन नंबरची खोली स्वतःच राखून ठेवतात आणि बायकोलाही आणतात. यंत्र पिशवीत असतं. उद्यानातली माझी पाटी आता कुणी न सांगता लागते, आणि सहाच्या गाडीला रांग सर्वांत मोठी असते. बटण आंके दाबते. मी जाकीट घरी ठेवून कुरणात जातो. आत्या शेगडी बंद करून येते, कुनिबेर्ट कोंबडा पोचवून येतो, आणि आम्ही सगळे जंगलाकडे तोंड करून उभे राहतो.

सहा वाजता सहा वाजत नाहीत.