तात्यांचा एकाक्षरी अभिप्राय

मिठागरांवरून उचलून आणल्यासारखा पांढरा, किंचित खारट वाटावा असा उजेड मुलुंडच्या त्या पाचव्या मजल्यावरच्या खिडकीतून सकाळी आत येतो, पलंगाच्या लोखंडी दांडीवर रेंगाळतो आणि तात्यांच्या डाव्या हातावर स्थिरावतो. उजवा हात चादरीखाली निश्चल, कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. डावा मात्र सदैव सावध. मी पुस्तक उघडलं की त्याची बोटं पांघरुणाच्या काठाशी गोळा होतात, एखादं वाक्य खटकलं की आधी ती बोटं उडतात आणि मग घशाच्या खोल विवरातून तो उद्गार वर येतो, "ह्यॅ!"

अर्धांगाच्या झटक्याने तात्यांची सगळी भाषा नेली. एवढंच मागे ठेवलं.

मी त्यांच्या देखभालीला आलो तो त्या झटक्यानंतर. हिंगोलीकडचा, नववीत शाळा सुटलेला मी. या घराने मला काम दिलं, जेवण दिलं, हॉलमध्ये झोपायला जागा दिली, आणि तात्यांचं पुस्तकांचं कपाट उघडं करून दिलं. या उपकारांखाली मी सुखाने वाकलेला असतो आणि सतत धास्तावलेलाही. म्हणून "ह्यॅ" ऐकला की पहिली शंका स्वतःचीच येते: चुकलं कोण, लेखक की मी?

थंडी सरताना आम्ही एक नवी कादंबरी वाचली. मुंबईत जन्म काढलेला नायक म्हातारपणी कोकणातल्या गावी परततो आणि अंगणातली माती कपाळाला लावून रडतो. त्या मातीला, फणसाच्या वासाला, बंद दाराच्या कडीला लेखकाने इतक्या कोवळ्या शब्दांनी गोंजारलं होतं की तो परिच्छेद मी पुन्हा वाचला. आमची काळी भेगाळलेली जमीन, फोनवरचा आईचा आवाज, सगळं त्या पानावर येऊन उभं राहिलं. आणि नेमका तेव्हाच "ह्यॅ!" तोही खुद्द मालवणातून आलेल्या माणसाचा! मी पुस्तक मिटलं.

"तात्या, तुम्हाला कधी काही पटणार आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत लख्ख, लबाड चमक. पुन्हा "ह्यॅ". हा माझ्यासाठी होता. काय आवडलं नाही? गाव खोटं वाटलं, की रडणं? की परतणं इतकं सोपं नसतं, हे? मला ती कादंबरी अजून आवडते, आणि तिच्या बाजूने मी रोज मनातल्या मनात भांडतो. पण पलीकडून युक्तिवादच येत नाही अशा भांडणात जिंकणाऱ्याचीच जास्त चिडचिड होते.

एका यशस्वी उद्योजकाच्या आत्मचरित्रावर मात्र आमचं एकमत झालं. हा गृहस्थ प्रत्येक प्रकरणात पहाटे उठतो, घाम गाळतो, जग जिंकतो; त्याचा डबा कोण भरतं, ते पुस्तकभर कुठे येत नाही. त्या वेळचा "ह्यॅ" लांब, सैल, टायरमधली हवा सावकाश जावी तसा.

मग चैत्राचं ऊन चढलं आणि आम्ही बंद पडलेल्या गिरण्यांवरचं एका प्राध्यापकांचं पुस्तक हाती घेतलं. तात्या तरुणपणी गिरणीत मागावर होते. पुस्तक अभ्यासू, कोरडं, तक्त्यांनी भरलेलं. माझ्यासारख्यांना त्यात 'स्थलांतरित मनुष्यबळ' म्हटलेलं वाचून मीही जरा घुसमटलो होतो. पुढे एक वाक्य आलं, कामगारांनी बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतलं, अशा अर्थाचं. तात्यांचा हात उसळला. पाण्याचा ग्लास जमिनीवर. चेहरा लालबुंद, आणि एकामागून एक ह्यॅ, ह्यॅ, जणू दाराच्या आत कोंडलेला माणूस धडका देतो आहे.

सूनबाई, म्हणजे आमच्या मनीषावहिनी, धावत आल्या. "बस झालं हां सुधाकर! प्रेशर बघ कुठे गेलंय त्यांचं! उद्यापासून पुस्तक बंद. कळलं ना?"

दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर बासरी सुरू झाली. तात्या छताकडे पाहत पडून राहिले. डावा हातही आता उजव्यासारखाच पडलेला.

"बघ, कसे शांत झालेत," वहिनी सुटकेने म्हणाल्या.

मला मात्र ती शांतता बघवेना. पण बोलायचं कसं? ज्यांचं अन्न खातो त्यांना तुमचं चुकतंय म्हणायचं, आणि उद्या त्यांनी दुसरा माणूस बोलावला तर? तात्यांची पेज ढवळताना ते वाक्य मी कितीदा तरी गिळलं. शेवटी तोंडातून निघालंच. "वहिनी, राग नका मानू. ते आजारानं नाही ओ चिडले, पुस्तकावर चिडले. तेवढंच तर करतात ते. एकदा बसून ऐका."

"आणि काही झालं तर? तू भरून देणारेस?" त्या फणकारल्या, पण कोथिंबिरीची जुडी घेऊन स्टुलावर बसल्या. "गोडसं काहीतरी वाच."

मी कौटुंबिक सुखावरचे ललित लेख काढले. सासरा आणि सून म्हणजे देवघरातली समई आणि वात, असं काहीसं होतं. मी वाक्य संपवतो न संपवतो तोच बोटं उडाली.

"ह्यॅ!"

कोथिंबीर निवडणारे हात थांबले. "अय्या, हा तर तोच!" वहिनी खो खो हसू लागल्या. "माझ्या सोलकढीला लग्नापासून हेच ऐकतेय मी! पहिला घोट की हाच ह्यॅ! मला वाटलं, दुखतंय म्हणून ओरडतात... खडूस कुठले!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. तात्या मजेत खिडकीकडे बघत होते.

वाचन पुन्हा सुरू झालं. गिरण्यांचं पुस्तक मात्र वहिनींच्या हुकमाने कपाटावर गेलं. तात्या रोज तिकडे बोट दाखवतात, आणि मी, या घराचा उपकृत, रोज दुसरंच काहीतरी उघडतो. तेव्हा माझी नजर त्यांच्या नजरेला भिडत नाही.

परवा त्यांचे वाचनालयातले जुने मित्र सावंतकाका आले. "अरे, हा मेला एकेका पुस्तकावर तासभर बोलायचा. आम्ही चहा पिऊन परत यायचो, तरी याचं चालूच!"

"काय बोलायचे, काका?" मी अधाशासारखा पुढे सरकलो.

त्यांनी कपाटातली दोन-तीन पुस्तकं काढून चाळली. "आता ते नेमकं नाही रे आठवत."

ज्यांनी ऐकलं ते विसरले, ज्याला विसरता आलं नसतं तो मी उशिरा आलो. आणि या दोहोंच्या मधून काळ तात्यांची सगळी वाक्यं घेऊन निघून गेला.