समांतरभुज चौकोनाची घडी

"बाई, जुळतच नाहीये." कृतिकाने कागदाचा समांतरभुज चौकोन कर्णावर दुमडून टेबलावर आपटला. इकडून एक टोक बाहेर, तिकडून दुसरं.

"अर्धे तर सारखेच दिसतायत की," योगिनीबाई म्हणाल्या.

"तेच ना. म्हणजे चीटिंग आहे ही."

वर्ग खिदळला. कोलशेतच्या त्या शाळेत सहावीला सममिती शिकवताना हा कर्ण दरवर्षी पोरांना फसवायचा, आणि योगिनीला दरवर्षी त्याची मजा वाटायची. तिने घडी उलगडली, चौकोन वहीवर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, मध्ये टाचणी टोचली आणि अर्धा फेरा दिला. चौकोन आपल्याच रेघांत जाऊन गुपचूप बसला.

"सममिती काही एकाच जातीची नसते. घडी घातली की जुळते ती आरशातली. पिंपळाचं पान, फुलपाखरू. काहींची घडी जुळत नाही, पण फिरवलं की जुळतात. डोक्यावरचा पंखा बघा."

"आणि ज्याचं कशानेच जुळत नाही?" मागून ऋतुराजने विचारलं. "तो विषमभुज त्रिकोण?"

"तो तसाच."

"मग त्याचं काय करायचं, बाई?"

"काय करायचंय? त्रिकोणच आहे तो. क्षेत्रफळ काढायचं."

पुढे माणसाचा अक्ष आला. इतर वर्षी ती स्वतःच हात पसरून वर्गासमोर उभी राहायची आणि म्हणायची, काढा माझी रेषा, नाकापासून खाली. या वर्षी तिने कृतिकाला उभं केलं. दिवाळीच्या आधी योगिनीचा डावा स्तन काढला होता. ब्लाउजच्या आत तिने कापसाची उशी शिवून घातली होती. फळ्याकडे हात उचलला की ती वर सरकायची, म्हणून पदराला हल्ली दोन पिना असत.

ऑपरेशनच्या टेबलावर तिने एकच मागणं मागितलं होतं. देवा, घरी जाऊ दे, तुझ्या पूजेला मी स्वतः बसेन. म्हणून नव्या फ्लॅटमधली सत्यनारायणाची पूजा या रविवारी धरली होती.

ती घरी आली तेव्हा सासूबाई, गंगुबाई, तांदूळ निवडत बसल्या होत्या. नजर ताटातच ठेवून म्हणाल्या, "पूजेला सुदेश बसेल."

"मीही बसणार ना, आई. नवस माझा आहे."

"तू राहू दे. अंगाला उणं असलेल्या बाईने बसू नये. भंगलेली मूर्ती ठेवतो का आपण देवात?"

"मी कुठे मूर्ती आहे? मी पूजा करणार आहे."

"एवढं बोलणं शाळेत वापर हो. पगार देतात तिथे." गंगुबाईंचा आवाज जराही चढला नाही. एक खडा त्यांनी अलगद बाजूला काढला.

सुदेश सोफ्यावर मोबाइल बघत होता. योगिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अहो, तुम्ही सांगा ना आईंना."

"बघू. रविवार लांब आहे अजून."

रविवार उजाडला. योगिनीने न्हाऊन हिरवं लुगडं नेसलं, कलश भरला, दोन पाट शेजारी शेजारी मांडले. आईंनी काही म्हटलं नाही, म्हणून तिला वाटलं, यांनी सांगितलं असेल. शहाडहून धाकटे दीर-जाऊ आले, मजल्यावरच्या बायका आल्या. कल्याणचे गुरुजी चौरंगाशी बसले आणि म्हणाले, "यजमानीणबाई, या."

योगिनीने पाऊल उचललं.

"तिला अडचण आहे आज," गंगुबाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

औषधांनी ती अडचण कधीची थांबली होती. घरातल्या तिघांनाही हे माहीत होतं.

"अगंबाई. आजचाच मुहूर्त सापडला का?" शेजारची म्हणाली, आणि दोघीतिघी पदराआड हसल्या.

"पण ताई, कलश तर तुम्हीच भरलात ना?" धाकटी जाऊ, ऐश्वर्या, गोंधळून म्हणाली.

"घे गं तो. बेसिनमध्ये ओत आणि घासून पुन्हा भर," गंगुबाई म्हणाल्या.

पाणी ओतल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. गुरुजींना घाई होती, पुढे दुसरी पूजा होती. "हरकत नाही. एक सुपारी द्या. यजमान, ही कमरेला खोचा. पत्नीच्या जागी चालते."

योगिनीने सुदेशकडे पाहिलं. नुसतं 'नाही हो, तसं काही नाही' एवढं म्हणायचं होतं. सुदेशने पोट आत घेतलं आणि सोवळ्याच्या निरीत सुपारी नीट खोचली. मग दिराने एक पाट उचलून भिंतीला लावला, आणि उरलेला सरकवून बरोबर मध्ये घेतला.

"तू आत बस," गंगुबाई म्हणाल्या. "कशाला शिवू नकोस."

बेडरूमच्या बंद दाराआडून तिने कथा ऐकली. अध्याय संपला की ती आतूनच हात जोडायची. आरतीला टाळ्या वाजल्या तेव्हा तिचेही हात वर झाले, आणि कापसाची उशी गळ्याशी आली. ती तिने काढून उशाखाली सारली.

जेवणं झाली, माणसं पांगली, गंगुबाई आडव्या झाल्या. तेव्हा सुदेश केळीच्या पानाच्या तुकड्यावर प्रसाद घेऊन आत आला आणि त्याने दार लोटून घेतलं.

"खाऊन घे. शिरा छान झालाय. सगळे तुझी चौकशी करत होते."

प्रसादाला नाही म्हणू नये, म्हणून योगिनीने डाव्या हातावर उजवा हात ठेवून पुढे केला. खोलीत दोघंच होती. सुदेशने पान तिच्या हातांच्या वर वीतभर धरलं, आपली बोटं जपून मागे घेतली, आणि शिरा वरून टाकला.