लेथ आणि शनिवारचं मंडळ

मित्रांनो, मी लेथ आहे. लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि सोलून त्याला आकार द्यायचा, हे माझं काम. वय विचारू नका. अंगावरचा हिरवा रंग कधीच उडाला आहे. एका कारखान्याने नवी यंत्रं घेतली आणि मला शाळेला देऊन टाकलं. शाळेतली मुलं म्हणजे धसमुसळी, आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं होतं.

पण त्या शाळेत मुलांचं तंत्र मंडळ होतं. दर शनिवारी ती कार्यशाळेत जमायची. अध्यक्ष त्यांचाच, भांडणंही त्यांचीच. मोठी मुलं धाकट्यांना शिकवायची, कारखाने दाखवायला न्यायची.

लोखंडाचा तुकडा माझ्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, पकडतात. चक आवळायला वीतभर चावी लागते. ती चकमध्येच विसरून बटण दाबलं, तर बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. म्हणून मंडळाने नियम केला होता: काम करणाऱ्याने चावी स्वतःजवळ ठेवायची नाही, जोडीदाराच्या हातात द्यायची. "चावी माझ्याकडे!" असं तो ओरडला की मगच बटण. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, मोठ्यांकडून धाकट्यांकडे तोंडीच जायचं. इतक्या वर्षांत कुणाला साधं खरचटलंही नाही. मंडळातला एकजण पंपाच्या कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, झाला. सुट्टीत येऊन तो मला तेल घालायचा, तेव्हा फार बरं वाटायचं.

मग नवे मुख्याध्यापक आले. "शनिवारी लोखंड घासून कुणाचं भलं झालंय? पेपर सोडवा!" म्हणाले, आणि मंडळ बंद झालं. मुलं मान खाली घालून घरी गेली. त्यानंतर मी प्रात्यक्षिक परीक्षेपुरताच चालू लागलो.

दोन वर्षांनी अशाच एका परीक्षेत चाळीस मुलं होती आणि शिक्षक एकच, तेही गणिताचे. शिंपीणबाईंची मुलगी माझ्यापाशी आली. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. तिला टर्नरच व्हायचं होतं. मंडळ तिने पाहिलं नव्हतं, पण पुस्तक तोंडपाठ होतं. तिने तुकडा छान बसवला, चावीने घट्ट आवळला.

"आटप गं, अजून बाराजण राहिलेत!" सर मागून ओरडले.

तिने दचकून बटण दाबलं. चावी चकमध्येच होती.

मला थांबता आलं नाही, मित्रांनो. तिचा उजवा डोळा गेला.

चौकशी झाली. निरीक्षकाने मला उघडून पाहिलं आणि यंत्रात दोष नाही असं लिहिलं.

"मुलीचा निष्काळजीपणा, दुसरं काय?" मुख्याध्यापक म्हणाले.

"चुकली ती, मान्य आहे," शिंपीणबाई म्हणाल्या. "पण सर, तिच्या शेजारी कोण होतं?"

डोळ्यावर पट्टी बांधलेली भिंगरी पुढे आली. पंपाच्या कारखान्यातला तो दादा तिला दवाखान्यात भेटला होता. मंडळाची सगळी हकिगत तिला त्याच्याकडून कळली होती.

"सर, मला अजूनही टर्नरच व्हायचंय. मंडळ परत सुरू करा ना. धाकट्यांच्या शेजारी मी उभी राहीन."

"आता हे खूळ डोक्यातून काढ, बाळ," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी शिपायाला कार्यशाळेला लावायला कुलूप आणायला सांगितलं.

मित्रांनो, मला तेल घाला, रंग द्या, असं मी म्हणत नाही. भंगारवाला परवाच मला बघून गेला. माझं एवढंच मागणं आहे: तुमच्या शाळेत मुलांचं असं मंडळ असेल, तर ते जपा. कुणी ते बंद करायला आलं, तर उभं राहून का म्हणून विचारा. आमच्याकडे मंडळ बंद झालं त्या दिवशी कुणीच विचारलं नाही. मला तर तोंडच नव्हतं. शिक्षकांना होतं, मुलांना होतं. सगळे गप्प बसले, आणि त्याची किंमत तेव्हा मंडळात नसलेल्या एका मुलीने मोजली.