कुपीवरची नजर

शिवांजलीला पहिला संशय औषधाचा आला नाही, बरोबर काम करणाऱ्या अतिशयचा आला.

विश्रामबागेतल्या त्या प्रयोगशाळेत दोघं एकाच कुपीतलं औषध घालून मूळपेशींच्या चेतापेशी करत होती. ज्याच्या ताटलीत चेतापेशी तयार होतील, त्याला संयोगिता मॅडम पुढच्या प्रकल्पात घेणार होत्या. जागा एकच. आणि शिवांजलीच्या पेशींना धागे फुटायचे सोडून त्या साबुदाण्यासारख्या गोल बसून होत्या. अतिशयला विचारलं, तर तो ताटली झाकून म्हणायचा, "माझं ठीक चाललंय." ठीक चाललेला माणूस ताटली झाकत नाही.

तिनं उंब्रजला फोन लावला. वडील फौजेतले निवृत्त हवालदार.

"पेशीतच खोट आसंल," आप्पा म्हणाले.

"नाही आप्पा. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात. त्यातली कुठली चालू होतात, त्यावर कोण चेतापेशी होणार, कोण कातडी, हे ठरतं."

"म्हंजे आपल्यावानी. आईबाप एकच, पर मी फौजेत आन् तुझा चुलता उसात."

"हां. आणि ते औषध म्हणजे भरतीचा कॉल. तो आला की चेतापेशीची जनुकं चालू होतात."

"मग कॉल मधीच कुनीतरी दाबतंय. कुपीवर नजर ठेव. आन् बोलू नगंस कुनाला."

शिवांजलीनं नजर ठेवली. फौजेची ठेवली. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती फ्रीज उघडायची, कुपीवरचा चंदेरी कागद सोडायची, मोबाइलची बत्ती मारून औषध कमी झालंय का ते निरखायची आणि कागद होता तसा गुंडाळायची. दोघांच्या वापरापेक्षा जास्त औषध कमी होत नव्हतं. यावरून चोर हुशार आहे, एवढं सिद्ध झालं. अतिशय दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून संध्याकाळी लवकर घरी जायचा. जेवण झाल्यावर तो काय करतो, हे मात्र कुणीच पाहिलेलं नव्हतं.

मॅडम ताटल्या बघायला आल्या, त्या दिवशी दोघांच्याही ताटलीत साबुदाणा निघाला.

"मॅडम, औषधाशी कुणीतरी खेळतंय," शिवांजली म्हणाली.

"मलाही तेच वाटत होतं," अतिशय म्हणाला. "म्हणून फ्रीजसमोर जुना मोबाइल लपवून ठेवलावता. पुराव्यासहित सांगतो."

त्यानं व्हिडिओ लावला. पडद्यावर एक मुलगी चोरपावलांनी आली. तिनं मागं बघितलं, कुपीचा कागद सोडला आणि बत्ती मारली. बराच वेळ मारली.

"ही मीच आहे," शिवांजली म्हणाली. "मी पहारा देत होते."

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

मॅडम खुर्चीत बसल्या. "अगं, हे औषध उजेडात खराब होतं. कागद कशाला गुंडाळलाय मग, दिवाळी म्हणून? नजर लागली की गं तुझी त्याला!"

अतिशय हसला.

"तू हसू नकोस. आठवडाभर हे बघतोयस आणि गप्प?"

"पुरावा गोळा करत होतो, मॅडम."

मॅडमनी नवी कुपी मागवली, तिच्यावर दुहेरी कागद चढवला आणि फ्रीजची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. औषध घालायचं तेवढ्यापुरती ती त्यांच्या हातून मिळे. प्रकल्पातली जागा मात्र अजून रिकामीच ठेवली. शिवांजलीला वाटलं, आता मॅडमवर नजर कोण ठेवणार? आठवडाभरानं तिच्या ताटलीत पेशींना बारीक, लांब धागे फुटले. अतिशयच्याही फुटले. किती, ते त्यानं अजून दाखवलेलं नाही.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला. "चोर घावला का?"

"घावला."

"कोन हाय?"

"आपल्याच पलटणीतला."

"मला वाटलंच हुतं," आप्पा म्हणाले. "त्याच्यावर नजर ठेव."