बाई ‘येते’ म्हणाल्या

चार चिमुकल्या शाळांनी मिळून स्वमग्न मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण ठेवलं, तेही शाळा सुटल्यावर, आमच्याच वर्गात. अंगात त्राण म्हणून नव्हतं. प्रशिक्षक बाई घसा ताणून सांगत होत्या, “जे म्हणायचंय तेच बोला. ही मुलं शब्दशः अर्थ घेतात.” होला हो करून आमच्या माना दुखल्या.

बाहेर आले, तर माझी स्वमग्न विद्यार्थिनी दप्तर पाठीला लावून पायरीवर बसलेली. शेजारी तिची आई, रडकुंडीला आलेली.

“हलतच नाही. म्हणते, बाई ‘येते’ म्हणाल्या.”

शाळा सुटल्यावर मुलांचा निरोप घेताना मी सवयीनं ‘येते’ म्हटलं होतं खरं. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. “आले.”

ती लगेच उठली.

“सुटले बाई! येतो हं,” आई म्हणाली.

पोरगी निमूटपणे परत पायरीवर बसली.