उजवं दार

डोळ्यांचे डॉक्टर कपाट बघायला येणार होते, त्या सकाळी दादाने मला बजावलं, "त्यांनी तुझं दार ओळखलं, तर उद्यापासून तू परत पॉलिशला."

"आणि नाही ओळखलं तर?"

"ओळखतात ते. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबलाखाली वाकून बघतात."

जुनी पुस्तकांची कपाटं दुरुस्त करून शौकिनांना द्यायची, हा आमचा वडिलांपासूनचा धंदा. त्यात वीस वर्षं माझ्या वाट्याला पॉलिशची चिंधी आली. रंधा आणि पटाशी दादाकडे, कारण त्याच्या मते माझ्या हाताला वजन नाही. बाकी अंगाला आहे, हे तो न विसरता सांगतो.

मग दादाचा हात मोडला, आणि नेमकं तेव्हाच हे काचेच्या दोन दारांचं कपाट आलं. शंभरेक वर्षांचं, उजवं दार पार खिळखिळं. "पलीकडच्या सुताराकडून करून आण," दादा म्हणाला. मी गेलेच नाही. वडिलांचं कामाचं बाकडं मला उंच पडतं, म्हणून खोक्यावर उभी राहिले आणि एका मोडक्या ड्रॉवरच्या फळ्यांतून दार केलं. चार वेळा चुकलं. पाचव्यांदा सांध्यात कागदसुद्धा जाईना. दादा बघून "बरंय" म्हणाला. वहिनीला हा शब्द लग्नानंतर नवव्या वर्षी ऐकायला मिळाला होता.

डॉक्टर आले, इस्त्रीची पँट सांभाळत उकिडवे बसले. टॉर्च, भिंग, सगळा सरंजाम. काचेतल्या लहरी पाहिल्या, फळ्यांच्या कडा नखाने चाचपल्या. मी चिंधी हातात घेऊन उभी होते आणि एकच जागा पुन्हापुन्हा पुसत होते.

"सापडलं," ते शेवटी म्हणाले. "हे डावं दार नवं आहे."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी चिंधीकडे.

"स्क्रू बघा. उजव्याचे जुने, हाताने कापलेले. डाव्याचे कालपरवाचे. उजव्याचं काम बघा आणि याचं बघा. ती हातोटी आता राहिली नाही. हे डावं मला नको, काढूनच टाका."

स्क्रू मीच बदलले होते. डाव्या दाराची भोकं झिजून सैल झाली होती, त्याला जाड स्क्रू लागले. उरलेले जुने मी माझ्या दाराला वापरले. टाकवेना म्हणून, दुसरं काही नाही. पण हे मी सांगायचं कसं? स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं झालं असतं. आणि दादाने 'हो, तेच नवं' म्हणून नुसती मान हलवली असती, तर डॉक्टरांनी ओळखलं असंच ठरून त्याचं बाकडं त्याला परत मिळत होतं.

त्याने हनुवटी खाजवली. बराच वेळ खाजवली.

"डॉक्टर, जरा आडवे व्हा."

"काय?"

"जमिनीवर. उजव्या दाराची खालची कड बघा."

आमच्याकडे वडिलांचा नियम आहे: नवं लाकूड लावलं की लपलेल्या बाजूला पेन्सिलीने आपल्या नावाचं पहिलं अक्षर आणि साल लिहायचं, पुढे कुणी फसू नये म्हणून. डॉक्टर पँटीसकट आडवे झाले. टॉर्च लागला.

"हे तर याच वर्षीचं," खालून आवाज आला. "अक्षर कुणाचं?"

"बहिणीचं," दादा म्हणाला. "ही उभी आहे ती. तुमच्यासारख्याला चकवलं, डॉक्टर. मला असं दार येत नाही."

डॉक्टर उठले, गुडघे झटकले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वीस वर्षं लोकांचे डोळे तपासतोय, ताई." मग दोन्ही दारं उघडून मिटली. "दोन्ही राहू द्या. पण तुमचं अक्षर पुसू नका. पाहुण्यांना आडवं करीन म्हणतो."

टेम्पो गेल्यावर मी सवयीने चिंधी उचलली, तर दादाने ती ओढून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली. नुकत्याच बऱ्या झालेल्या हातात करवत घेऊन तो वडिलांच्या बाकड्यापाशी बसला.

"काय करतोस?"

"खोक्यावरून पडलीस तर उचलणार कोण तुला? धर तो पाय."

मी धरला. चार बोटं उंची कमी केली त्याने, चारही पायांची. एक पाय जरा जास्तच कापला गेला. बाकडं डुगडुगतं.

"राहू दे," मी म्हटलं. "तो मी करते."